बॉनेटवरचा हात

आमचे सासरे खंडेराव, म्हणजे आप्पा, एकदा निफाडपासून सायखेड्यापर्यंत भर उन्हात चालत आले होते. एसटी चुकली म्हणून नव्हे हो! माझे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे व्याही, येवल्याहून नवीकोरी गाडी घेऊन आमच्याकडे येत होते. वाटेत आप्पा दिसले म्हणून त्यांनी गाडी थांबवली. आप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दख्खनची नाय?" नाही म्हटल्यावर हात जोडले आणि चालायला लागले. माझे वडील पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे. ती वरात अख्ख्या गावानं बघितली. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हते.

दख्खन मोटर्स ही कंपनी अंबडच्या एमआयडीसीत होती. माझा नवरा ज्ञानेश तिथं लाइनवर गाड्यांचे दरवाजे बसवायचा. दोन हजार नऊ साली मंदी आली. बाकीच्या कंपन्या सरकारकडे मदत मागताहेत, असं रोज पेपरात यायचं. दख्खनचे शेठ मात्र गेटवर स्टुलावर उभे राहिले आणि कामगारांना म्हणाले, "मी सरकारपुढे हात पसरणार नाही. गाडी चांगली असेल तर गिऱ्हाईक येईल, नसेल तर कुलूप लावू." आठ महिने अर्धा पगार. ज्ञानेश हे छाती फुगवून सांगत होता आणि इकडे मी रागानं भाकरी करपवली. बाणा शेठचा आणि उपास आमचा!

आप्पांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. हा माणूसच तसला. ठिबकच्या अनुदानाचा फॉर्म लोकांनी घरी आणून दिला तर म्हणायचे, "फुकटचं अंगी लागत नाय." आपल्यासारखाच खुळा कुणीतरी जगात आहे आणि त्याची एवढी मोठी कंपनी आहे, हे बघून त्यांना कोण आनंद झाला. त्याच आठवड्यात त्यांनी बैलजोडी विकली आणि दख्खनचा पिकअप घेतला. दरवाजे ज्ञानेशनंच बसवलेले.

त्या दसऱ्याला कुणाचं बोलावणं नसताना शे-दीडशे गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालून कंपनीच्या गेटवर गेली. प्रत्येकानं तीनदा हॉर्न वाजवला. आतले कामगार बाहेर आले आणि ज्यानं त्यानं आपल्या हाताखालून गेलेली गाडी शोधून तिच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचा हात उठवला. कंपनी तगली. मग दर दसऱ्याची ती रीतच होऊन बसली.

ज्ञानेशचा हात कुणीही ओळखावा. नऊ वर्षांचा असताना कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती. तीन बोटं पूर्ण, अंगठा, आणि मधेच एक छोटासा गोल ठिपका. आप्पा तो छाप दिवाळीपर्यंत पुसू द्यायचे नाहीत.

पुढं शेठ वारले, पोरांनी कंपनी विकली, अंबडच्या गेटला कुलूप लागलं. "मदत न घेणारीही शेवटी बंदच पडते की," असं मी बोलून गेले, तर आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तरी दसऱ्याला बापलेक त्या बंद गेटवर जायचे. हॉर्न वाजवायचा, हात उठवायचा, आपट्याचं पान कुलपात खोचायचं आणि परत यायचं. मी म्हणायचे, दोघांनाही एकाच खोलीत कोंडून ठेवा.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये करोनात ज्ञानेश गेला. आम्हाला त्याचा चेहरा बघायला मिळाला नाही. चेहरा नाही तर नाही, हात तरी दाखवा म्हणून मी दवाखान्यातल्या लोकांच्या पाया पडले. तो बोटाचा ठिपका बघितला असता तर माझी खात्री पटली असती. नियम होता, त्यांचाही नाइलाज होता. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. एखादं माणूस खरंच गेलं, हे हाताला कळावं लागतं.

त्या वर्षी दसऱ्याला आप्पा एकटेच पिकअप घेऊन गेले. दिवेलागणीला परत आले. मी ओवाळायला ताट घेऊन पुढं झाले आणि बॉनेटकडं बघितलं. तीन बोटं, अंगठा, आणि अर्धी तर्जनी. ताट माझ्या हातातून पडलं.

आप्पा खाली उतरले, पाय धुतले आणि म्हणाले, "आला होता."

चार दिवस मला घास गिळवेना. सकाळी उठून मी त्या बॉनेटपुढं जाऊन उभी राहायचे. आमची सृष्टी तेव्हा शाळेत होती. ती म्हणायची, "आई, तू गाडीशी काय बोलतेस?" मी बोलत नव्हते. हात लावायचं धाडस होत नव्हतं, एवढंच.

पुढच्या दसऱ्याला मी स्कूटीवरून आप्पांच्या मागे गेले. गेटसमोरच्या बंद टपरीआड उभी राहिले. सुट्टीचा दिवस, सगळी एमआयडीसी सामसूम. आप्पांनी तीनदा हॉर्न वाजवला, वाट बघितली. मग खिशातून कुंकवाची डबी काढली, हात माखला, तर्जनी मुडपली आणि हात बॉनेटवर दाबून धरला. अस्सा संताप आला मला! म्हातारा मला फसवतोय, आणि तेही मेलेल्या लेकराच्या नावानं! ओरडायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आप्पांनी त्या छापाशेजारी बॉनेटवर कपाळ टेकलं, आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

मी त्यांच्या आधी घरी पोचले. ताट घेऊन दारात उभी राहिले आणि विचारलं, "आला होता का, आप्पा?"

"आला होता."

तीन वर्षं आमचं असंच चाललं. एकदा माहीत झाल्यावर लबाडी लगेच दिसायची. मुडपलेल्या बोटाचं पेर आडवं लागून तिथं जाडसर फराटा उमटायचा. मी तो फराटा बघायचे आणि ओवाळायचे.

यंदा श्रावणात आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, आता दिसेनासंच झालं आणि जीभही जड झाली. पिकअप गोठ्याशेजारी उभा राहिला. पंधरा वर्षं उलटलेली, पासिंग संपलेलं, पार्ट मिळत नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला न्यायला येईल, असं मी ठरवून टाकलं. आप्पांनी हट्ट केला नाही. त्याचंच मला भ्या वाटलं. एवढंच म्हणाले, "गाडी तुझी हाय. पण दसऱ्याला एकदा ने. तो वाट बघल."

कोण वाट बघेल, आप्पा? जिभेवर आलं होतं, गिळलं. मनात म्हटलं, शेवटचं एकदा मीच बोट मुडपून छाप उठवते, म्हाताऱ्यापुढं नेते, आणि उद्या गाडी जाऊ दे. सगळ्याचाच निकाल लागेल.

सकाळभर शेतातल्या झेंडूच्या तोडणीची गडबड होती. दुपारी फुलं विक्रीला गेली तशी मी पिकअपकडं वळले. दोन महिने बंद गाडी, बॅटरी उतरलेली असणार म्हणून शेजारच्या गोरक्षला धक्का मारायला बोलावलं होतं. मी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. गोरक्ष हात पुढं करून तसाच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, कुणी चार्ज केली होती का?" कुणीच केली नव्हती.

चांदोरी, नांदूर नाका, द्वारका करत मी चारच्या सुमाराला अंबडला पोचले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गेटच्या कुलपात गेल्या वर्षीचं आपट्याचं पान वाळून तसंच अडकलेलं. शेजारी कामगारांच्या ये-जा करण्याचं लहान दार, त्यालाही साखळी. दारापाशी एक कुत्रं झोपलं होतं.

मी तीनदा हॉर्न वाजवला.

कुत्रं उठलं. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही. त्या लहान दाराकडं तोंड करून शेपटी हलवायला लागलं, ओळखीचं माणूस आल्यावर हलवतात तशी. मग वर बघत, कुणाच्या तरी पायात पायात घोटाळत ते गाडीपर्यंत आलं आणि पुढच्या चाकाशी बसलं. दाराची साखळी हलली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, सुवर्णा, आटप आणि नीघ.

उतरले. कुंकवाची डबी पदराच्या गाठीत बांधलेली होती. कुंकू कालवायला पाणी लागणार आणि बाटली तर मी घरीच विसरलेली. टपरीमागं नळ होता. तिथं गेले, रुमाल भिजवला, वळले. मिनिटही झालं नसेल.

बॉनेटवर हात उठलेला होता. ओला, लालभडक. तीन बोटं, अंगठा, आणि मधे एक छोटासा गोल ठिपका. फराटा नव्हता.

मी पदर चाचपला. गाठ तशीच होती. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा. कुत्रं चाकाला टेकून डोळे मिटून पडलं होतं. मी किंचाळेन असं वाटलं होतं, पण तोंडातून निघालं, "अहो?"

साडेचार वर्षांत मी कुणाला अहो म्हटलं नव्हतं.

परत कशी आले, मला सांगता येणार नाही. अंगणात गोरक्षनं आणि मी आप्पांना खुर्चीत बसवलं, खुर्ची गाडीपाशी नेली. त्यांनी विचारलं, "आला होता?" दरवर्षी मी विचारायचे, यंदा त्यांनी. मी त्यांचा डावा हात उचलला आणि बॉनेटवर ठेवला.

त्यांना दिसत नव्हतं. बोटांनी ते चाचपत गेले. करंगळी, तिच्याशेजारचं बोट, मधलं बोट. मग त्या ठिपक्यापाशी थांबले. पुन्हा मागं गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथंच थांबले.

"ह्यो तू केला?"

मी पदराची गाठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाबून बघितली. आतली डबी, तिचं बंद झाकण, सगळं त्यांना लागलं असेल.

"सुवर्णा," ते अडखळत म्हणाले, "आधीचे समदे मी केले गं."

"ठाऊक आहे, आप्पा."

"ह्यो मी नाय."

आणि म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. माझ्यानंही राहवलं नाही. एवढ्या वर्षांत जे धाडस झालं नव्हतं ते केलं, त्या छापावर माझा उजवा हात ठेवला. पस्तीस किलोमीटर उन्हावाऱ्यातून येऊनही तो ओलाच होता. गारही नव्हता.

भंगारवाला सकाळी नऊला येणार होता. येऊ नको म्हणून मी त्याला तिथूनच फोन लावला. डाव्या हातानं लावला, उजवा मला उचलायचा नव्हता.