गार्ड उपलब्ध नाही

बुधवारी सकाळी दहा वाजून चौतीस मिनिटांनी हेमा भडकमकर न्यायालयाच्या मागच्या आवारात, कैद्यांना घेऊन आलेल्या तिसऱ्या गाडीचा नंबर वहीत उतरवत होत्या. गाडीतून नऊ जण उतरले. सूरज त्यांत नव्हता. त्यांनी बंदोबस्तावरच्या जमादाराला विचारलं, विदर्भातल्या तुरुंगातून कोणी आणलंय का.

"ताई, तुम्हाला माहितीये ना? मग विचारता कशाला?"

"वहीत लिहायला तुमचं उत्तर लागतं. माझं चालत नाही."

जमादाराने नेहमीचं उत्तर दिलं: गार्ड उपलब्ध नाही. हेमाताईंच्या वहीत हे तीन शब्द आता पंधराव्यांदा लागले.

हेमाताई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बाईंचा मुलगा कोठडीत मेला, तेव्हा त्या बाईंसाठी त्यांनी पहिला अर्ज लिहिला. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. त्यातून त्या नागरी हक्कांच्या एका समितीत ओढल्या गेल्या. समितीचं कार्यालय बुधवार पेठेत दिव्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानाच्या वर होतं. चार वर्षांपूर्वी तिथे झडती झाली, संगणक जप्त झाला आणि महिनाभरात मालकाने जागा मागितली. अकरा सभासद होते. एकेकाने कळवलं की व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आपलं नाव काढावं. आता उरलेत दोघं: हेमाताई आणि वकील पुष्कर लिमये. हेमाताईंच्या विश्रांतवाडीच्या घरी दर महिन्याला एक हवालदार येतो आणि "काय चाललंय काकू?" असं विचारतो. त्या दर वेळी त्याचं ओळखपत्र मागतात, नाव वाचतात, परत देतात. चहाचं विचारत नाहीत.

सूरज त्याच समितीचं काम करायचा. एका वस्तीतला तरुण कोठडीत मेला, तेव्हा त्याने आठ शेजाऱ्यांचे जबाब लिहून घेतले. पुढे तेच जबाब कटाचा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्धच्या आरोपपत्राला जोडले गेले. कायदा विशेष, जामीन जवळपास अशक्य. पहिलं वर्ष तो पुण्यातल्याच तुरुंगात होता, मग त्याला सातशे किलोमीटरवर हलवलं. खटला मात्र पुण्यात. तारखेला पोलीस गार्डसोबत त्याला इथे आणायचं, असं ठरलेलं. आरोपीला समोर उभं करून आरोप वाचून दाखवल्याशिवाय खटला सुरू होत नाही आणि सूरजला कोणी आणत नाही. असं दोन वर्षं चाललं होतं.

त्याची आई तुळजाबाई महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावातून प्रत्येक तारखेला यायची. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं, त्यामुळे सातशे किलोमीटरचा प्रवास तिला डॉक्टरांनी बंद केलाय. गाडीपासून न्यायालयाच्या दारापर्यंतचा व्हरांडा हीच मुलगा दिसण्याची एकमेव जागा होती. पंधरा तारखा ती तिथल्या बाकावर बसली.

या बुधवारी न्यायाधीश वैतागले. पुष्करला त्यांनी सरळ विचारलं, व्हीसीवरून, म्हणजे तुरुंगातून व्हिडिओवर, आरोप निश्चित करायला तुमची संमती आहे का? असेल तर आत्ता लिंक जोडू. नसेल तर पुढची तारीख घ्या.

पुष्करने पाच मिनिटं मागितली आणि बाहेर आला. सूरजने पत्रात हा निर्णय हेमाताईंवर सोडला होता. आजवर त्या नाही म्हणत आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी एका कैद्याची मोडलेली बोटं न्यायाधीशांना दिसली, ती तो समोर उभा होता म्हणून. पडद्यावर माणूस गळ्यापर्यंत दिसतो आणि कॅमेऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. आरोपीला प्रत्यक्ष हजर करा, हा समितीचा शेवटचा धरून ठेवलेला मुद्दा होता.

"ताई, तत्त्व बरोबर आहे," पुष्कर म्हणाला. "पण तत्त्वापायी तो आत बसलाय."

हेमाताई तुळजाबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. हो म्हटलं तर खटला सुरू होईल, पण मग सूरजला इथे आणणार नाहीत, हे त्यांनी दोनदा समजावलं.

तुळजाबाईने एकच विचारलं. "पडद्यावर दिसंल का त्यो?"

"दिसेल."

"मग व्हय म्हना."

आयुष्यात न तपासता दिलेली माहिती हेमाताईंच्या नावावर फार नसेल. ही एक आहे. खटला महिन्यापूर्वीच या दालनात वर्ग झाला होता. आधीच्या दालनात पडदा भिंतीवर होता, सगळ्यांना दिसणारा. इथे तो न्यायाधीशांच्या टेबलावर होता, त्यांच्याकडे तोंड करून.

तुळजाबाई दालनात शेवटच्या बाकावर बसली. तिच्या समोर पडद्याची काळी पाठ होती, तिच्यावर एक स्टिकर आणि लोंबणारी वायर. हेमाताईंनी शिपायाच्या कानात विचारलं, जरा वळवता येईल का?

"साहेबांचा आहे तो. टीव्ही नाही."

आवाज आला. मध्ये तुटला, पुन्हा आला. आरोप वाचले गेले. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर सूरज म्हणाला, "कबूल नाही." ऐकू आलं नाही म्हणून त्याला पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "कबूल नाही, साहेब." आवाजाला खोकला होता. सगळं सहा मिनिटांत आटोपलं. यापुढे आरोपीची हजेरी व्हीसीवरूनच घ्यावी, असा आदेश न्यायाधीशांनी लगेच लघुलेखकाला सांगितला, आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

तुळजाबाई जागची हलली नाही. "आता दावत्याल का?"

"झालं, तुळजाबाई."

तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली. बाहेर आल्यावर विचारलं, खोकला कधीपासून हाय त्याला. हेमाताईंना माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसंच सांगितलं.

साक्षीदारांची यादी सत्त्याण्णव जणांची आहे. सहा आठवड्यांना एक साक्ष धरली तर अकरा वर्षं होतात, हा हिशेब पुष्करने केला आणि केल्याबद्दल माफी मागितली. निदान सुरू तर झालं, असंही तो म्हणाला. हेमाताईंनी वही उघडली. आरोपी आणला का, या रकान्यात त्यांनी "नाही" लिहिलं. सकाळी लिहिलेलं कारण एका रेघेने खोडलं आणि वर लिहिलं: आमची संमती.

आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात अर्ज करायचा, तर त्याची प्रमाणित नक्कल लागेल. संमती आपणच दिलेली असताना अर्ज टिकणार नाही, हे पुष्करने सांगितलं. नक्कल तरीही घेऊ, असं त्या म्हणाल्या. तुळजाबाईला रिक्षात बसवून त्या नक्कल विभागात गेल्या, तेव्हा खिडकी बंद झाली होती. उद्या गुरुवार. खिडकी सकाळी अकराला उघडते.