जमीन तडकते तेव्हा अमेय कुठे असतो

शेजारच्यांचे किस्से मी काही मुद्दाम गोळा करत नाही. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या हिवाळ्यात दाराशी बूट साठतात, तसे ते आपोआप साठतात. त्यात आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ, माझे कान तिखट, आणि शेजारी नागपूरचा अमेय. जमिनीला भेगा कशा पडतात यावर तो पीएचडी करत होता. आता तो तिकडे उबदार दक्षिणेत, अल्फारेटाला आयटीत आहे आणि मराठी काही वाचत नाही, म्हणून लिहितेय.

*

पहिल्या भेटीतच मी विचारलं, "कसला रिसर्च रे?"

"काकू, अलास्काच्या पार वरच्या टोकाला जमीन बारा महिने गोठलेली असते. थंडी एकदम वाढली की ती आकसते आणि तडकते. मग बर्फ वितळला की पाणी त्या भेगेत उतरतं आणि तिथेच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात परत तिथेच तडा. अशी ती वर्षानुवर्षं रुंदावत जाते. विमानातून बघितलं तर फरशी बसवल्यासारखी जमीन दिसते."

"म्हणजे टाचेच्या भेगांसारखं. त्याही दर थंडीत तिथेच पडतात."

तो जरा विचारात पडला. "हो, तसंच म्हणा."

"मग व्हॅसलीन लाव की."

त्याच्या लॅबमध्ये मला 'व्हॅसलीन काकू' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

*

एकदा जेवायला बसला असताना मी विचारलं, "भेग पडताना आवाज कसा येतो रे?"

"बंदुकीसारखा, म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तू ऐकला नाहीस?"

नव्हता ऐकला. हे लोक उन्हाळ्यात जाऊन जमिनीत बारीक वायर पुरून येतात. हिवाळ्यात भेग पडली की वायर तुटते, आणि कधी तुटली ते मशीनला कळतं. अमेय तेव्हा इथे माझ्या हातची आमटी ओरपत असतो.

"मग तू डॉक्टर कशाचा होणार?"

"तुटलेल्या वायरींचा," तो म्हणाला. हसला खरा, पण नंतर बराच वेळ भात नुसता चिवडत बसला. एकदा तरी स्वतःच्या कानांनी ऐकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

*

एका जानेवारीत हट्टाने स्वतः गेला. तर तिकडे थंडीच पडेना. "काकू, इथे उकडतंय," असं अलास्काहून फोनवर सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी कंटाळून परत निघाला. डेट्रॉइटच्या विमानतळावर बॅगेची वाट बघत उभा होता, आणि तिकडे वायर तुटली.

मी म्हटलं, "अरे, जमीनही तुझीच वाट बघत होती. जाण्याची."

हे मी बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

*

मग आला शेवटचा हिवाळा. ग्रँट संपत आलेली, अल्फारेटाची ऑफर हातात. तिथे कुठली गोठतेय जमीन! नेमकी त्याच वेळी त्याची आई नागपूरहून आली, आणि शेवटचा चान्स म्हणून हा निघाला अलास्काला. जाताना तिने केलेले डिंकाचे लाडू घेऊन गेला.

ताई, म्हणजे त्याची आई, रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या. "मी एवढ्या लांबून आली, आणि हा तिकडे जमिनीची वाट पाहून राहिला."

एकदा त्याचा फोन आला. लाडू गोठून दगड झाले होते, हातोडीने फोडून खावे लागले म्हणे.

"जमीन तडकली का रे?" मी विचारलं.

"नाही अजून."

"असू दे," ताई म्हणाल्या. "लाडू तर फुटला."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी पदराने चष्मा पुसला.

*

त्याच आठवड्यात आमच्याकडे दिवसभर पाऊस पडला आणि त्यावर एकदम कडाक्याची थंडी आली. सकाळी ताई आणि मी चहा घेत होतो. इतक्यात मागच्या अंगणात असा आवाज झाला की कपबश्या खणखणल्या. मला वाटलं, कुणाचा तरी गॅस उडाला. बाहेर जाऊन बघतो तर लॉनमध्ये लांबच लांब भेग, आमच्या भिंतीपासून थेट पार्किंगपर्यंत.

ताई भेगेकडे बघत उभ्या राहिल्या.

दुपारी अमेयचा फोन. "आई, तिकडे खूप थंडी पडली म्हणे. अशा थंडीत कधीकधी मिशिगनमध्येसुद्धा जमीन तडकते. काही आवाज आला का गं?"

मी तोंड उघडलं. ताईंनी माझा हात दाबला.

"नाही रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "हीटरचा येतो, तेवढाच."

"इथेही काही नाही," तो म्हणाला. "मी परवा निघतो."

तो यायच्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. अख्खी बिल्डिंग बर्फ उपसून पार्किंगच्या कडेला टाकते. ताई मात्र अमेयचं जुनं जाकीट साडीवर चढवून, त्या ढिगातला बर्फ फावड्याने लॉनमधल्या भेगेवर आणून टाकत होत्या.

मी खिडकी उघडली. "ताई, हे काय?"

"अमेय येऊन राहिला ना आज," त्या म्हणाल्या.

मी बूट चढवले आणि आमचं फावडं घेऊन खाली गेले.