पोट नसलेल्या बाईचा पोटाचा व्यायाम

“मॅडम, हिला पोटच न्हाय. आन् तुम्ही पोटाचा व्यायाम लिवून दिलासा?”

बाळासाहेबांनी माझा कागद टेबलावर ठेवला. शेजारी त्यांचं स्वतःचं पोट टेकलं. त्यांची बायको शालन मागे चौकट धरून उभी होती, काडीसारखी. बसलं की कळ येते, म्हणून उभी.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. शालनताई कोडोलीच्या. घरी तीन म्हशी. दुधाची किटली उचलताना कंबरेत चमक भरली. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली दिसली. ऑपरेशनची गरज नव्हती, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

पोटाचा व्यायाम म्हणजे पोट कमी करायचा, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून मी मांडवाचं उदाहरण देते. कणा हा मधला खांब. तो चारी बाजूंच्या दोऱ्यांवर उभा राहतो. पोटाचे स्नायू ही पुढची दोरी. ती ढिली पडली की ताण मागे येतो. बारीक माणसाचीही दोरी ढिली असू शकते.

“मग माझी?” बाळासाहेबांनी विचारलं.

“तुमची मांडवाबाहेर आलीय,” असं अगदी ओठांवर आलं होतं. “तुमचं नंतर बघू,” म्हटलं.

व्यायाम सोपा होता. गुडघे वाकवून उताणं पडायचं. कुणी पोटात बोट खुपसणार असलं की पोट जसं घट्ट होतं, तसं करायचं. श्वास रोखायचा नाही. मग एक टाच हळूच पुढे सरकवायची, परत आणायची. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं.

पंधरा दिवसांनी दोघं आली तेव्हा कळ पोटरीपर्यंत उतरली होती. मी पावलातली ताकद तपासली, बधिरपणा बघितला, लघवीची काही तक्रार आहे का विचारलं. सगळं ठीक होतं. डॉक्टरांनाही फोन केला. मग विचारलं, “ताई, काय केलंत?”

“ह्यांनी मोबाईलवर दावलं तसं.”

बाळासाहेबांनी रील दाखवलं होतं. सिट-अप्स. रोज पन्नास. सरकलेल्या गादीला वाकवून वाकवून आणखी दाबायचं, त्यातला हा प्रकार.

“तुमच्या व्यायामात घामच येत न्हाय ओ,” ते म्हणाले.

“ह्यात आला?”

“हिला आला की.”

“आणि तुम्ही काय करत होता?”

“मोजत हुतो.”

मी त्यांना बाहेर बसवलं. शालनताईंना विचारलं, माझा व्यायाम का सोडला?

“दिवसा आडवी पडली की आत्ती इचारत्यात, ताप आलाय का?” आत्ती म्हणजे सासूबाई. “म्हणत्यात, आमची चार बाळंतपणं झाली, दिवसा पाठ टेकली न्हाय. शेजारणी बघाय येत्यात. उठून-बसून केलं की निदान कष्ट केल्यागत दिसतंय.” मग त्यांचा आवाज उतरला. “रविवारी गिऱ्हाईक येणार हाय. हे म्हणत्यात, तुझ्यानं धार हुईना, म्हशी काढून टाकू. त्यातली लक्ष्मी मी रेडकू असल्यापास्नं वाढीवलीया. आत्तींच्या हाताला निम्मंच दूध देती.”

“यांना धार काढता येत नाही?”

“खाली बसाय लागतंय की. पोट मधी येतंय.”

त्या हसल्या आणि लगेच कंबर धरली.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मलकापूरच्या शाळेत शिकले, ते आईनं लोकांच्या शेतात केलेल्या भांगलणीच्या मजुरीवर. त्या माउलीला दिवसा आडवं पडलेलं मी एकदाच पाहिलं, टायफॉइड झाला तेव्हा. हे ठाऊक असूनही मी एका सुनेला दिवसातून दोनदा झोपायला सांगितलं होतं. चूक बाळासाहेबांची होती, तशी माझीही.

कागद बदलला. सिट-अप्स कायमचे बंद, कळ कमी होईपर्यंत काही दिवस वाकणंही बंद. मग दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर, पाठ सपाट, पोट घट्ट. एक पाय हळूच मागे लांब करायचा, परत आणायचा. खाली लिहिलं: हातात ओलं फडकं धरावं. पुसू नये, फक्त धरावं.

बाळासाहेबांना आत बोलावलं. “लक्ष्मीला दोन महिने विकू नका. आणि किटल्या तुम्ही उचलायच्या.”

“मी?”

“घाम येईल.”

रविवारी दोन म्हशी गेल्या. लक्ष्मी राहिली. कळ पोटरीतून मांडीत आली, मग कंबरेत, मग कधीतरीच. अडीच महिन्यांनी शालनताईंनी उंच स्टुलावर बसून लक्ष्मीची धार काढली. बादली भरली.

शेवटच्या खेपेला आत्ती सोबत आल्या. “मॅडम, तुमच्या त्या झोपायच्या व्यायामानं काय झालं न्हाय. फरशी पुसाय लागली, तवा कंबर सुदारली.”

“व्हय आत्ती,” शालनताई म्हणाल्या. मीही मान हलवली.

तेव्हापासून सुनांच्या कागदावर मी फडकं लिहितेच. नवरेमंडळींना हाच व्यायाम देताना मात्र फडक्याचं नाव काढत नाही. काढलं तर ते करणार नाहीत.