अर्धी बंद, अर्धी चालू

आधी आमच्या ऑफिसातल्या ताईंबद्दल लिहितो. मोहाडीकडच्या विणकर घरातल्या, शिकून कॉम्प्युटरच्या कामात आलेल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्या दिवशी त्यांनी मला सांभाळलं. उपकार आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना मान वर करवत नाही.

मी मूळचा कोकणातला. नववीत शाळा सुटली. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसता बसता हिंदी व्हिडिओ बघून कोड लिहायला शिकलो आणि ओळखीच्या ओळखीनं थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखनीला येऊन पडलो. हायवेला लागून टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. राइस मिलवाल्यांसाठी धानाच्या आवकीचा प्रोग्राम आम्ही तिथे लिहायचो. शाळा किती झाली, कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इंग्रजी मला अक्षरं लावून वाचता येई, अर्थ लागत नसे. म्हणून कोड लिहायच्या एडिटरला बाकीच्या एक्स्टेन्शनांसोबत, म्हणजे जोड-प्रोग्रामांसोबत, मी आणखी एक जोडलं होतं. शब्दावर माऊस नेला की छोट्या चौकटीत मराठी अर्थ दिसायचा. कुणी मागून आलं की मी माऊस पटकन बाजूला घ्यायचो.

एका सकाळी एडिटरनं अपडेट मागितला, मी 'हो' दाबलं. तेव्हापासून तो टिकेना. उघडायचा, दोन ओळी लिहू द्यायचा, गोठायचा आणि बंदच पडायचा.

"काहून बे कोकण्या, पुन्हा पडला?" समोरच्या टेबलावरचा सोबती ओरडला. "तुह्या एडिटरले आमच्याकडची गरमी सोसून नाही राहिली!"

कुणी खालच्या टायरवाल्याच्या वीज ओढणाऱ्या कॉम्प्रेसरला दोष दिला. मीही मान हलवली. एडिटर काढून पुन्हा टाकला, मशीन बंद-चालू केलं. तेच. खरं तर माऊस शब्दावर गेला की पडतो, हे मला दिसत होतं. पण ते एक्स्टेन्शन काढलं तर मी आंधळा. संध्याकाळपर्यंत प्रोग्राममधलं पावतीचं पान ऑफिस चालवणाऱ्या सरांना द्यायचं होतं. नाही दिलं तर इथे माझं काय काम?

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "एडिटर काढला तरी एक्स्टेन्शनं मागं राहतेत, बाबू. त्यायची जागा वेगळी असते. आधी सगळी बंद कर."

सगळी बंद केली. एडिटर चालला.

"आता अर्धी चालू कर. पडला तं त्याच अर्ध्यात आहे. मागावर धागे गुंतले की आमचे बाबा असंच अर्धं अर्धं करून पाहत."

अर्धी चालू केली, ठीक. उरलेली अर्धी केली, पडला. मग त्यातली अर्धी. दर फेरीला माझं ते एक्स्टेन्शन पडणाऱ्या बाजूला येत होतं आणि मी मनात म्हणत होतो, देवा, दुसरं कुठलंतरी असू दे. शेवटी ते एकटंच उरलं. ताईंनी त्याचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

"एवढंच ना? मग कायले लपवून ठेवलं?" त्या हळूच म्हणाल्या.

"काय निंगलं, ताई?" सोबत्यानं तिकडून विचारलं.

"काही नाही, जुनं एक्स्टेन्शन. नव्या व्हर्जनसंग जमत नव्हतं."

मग संध्याकाळपर्यंत त्या माझ्याजवळ बसून अडेल तो शब्द सांगत राहिल्या. पान वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईंना सगळ्यांसमोर झापलं. त्यांचं स्वतःचं काम राहिलं होतं. "हो सर, आज देते," एवढंच त्या म्हणाल्या. मी उठलो.

"सर, ताई माझ्याजवळ बसल्या होत्या. मला इंग्रजी वाचून समजत नाही. शाळा नववीतच सुटली."

आवाज इतका बारीक निघाला की सरांनी "काय?" म्हणून विचारलं आणि मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं.

"बरं. बसा," सर म्हणाले. कामावरून काढलं नाही. सोबत्यानं मात्र दिवसभरात एकदाही कोकण्या म्हणून हाक मारली नाही. ते जास्त लागलं. ताई तर चिडल्याच. "तुले कोणं सांगितलं होतं बोलाले?"

त्यांना सहसा काही अडत नाही आणि अडलं तरी त्या सांगणाऱ्यातल्या नाहीत. पण कधीतरी अडेल. तेव्हा हातातलं टाकून मी त्यांच्या शेजारी बसेन आणि त्यापायी बोलणी खावी लागली तर ती मी खाईन. ताईंना हे बोललेलो नाही. इथे लिहून ठेवतो.