दारातली हळद

"झालं ते विसरून जा" असं मला कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. विसरायला ती काय एसटीत राहिलेली छत्री आहे? माझ्या आईचा हात जात्यावरून काढून टाकला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माफीची प्रवचनं ज्यांना झोडायची त्यांनी खुशाल झोडावीत.

आमचं गाव मुरबाडपासून जीपने अर्ध्या तासावर. नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट, मी आठवीत होते. वडील काविळीने गेले त्याला दोन वर्षं झाली होती. शेजारच्या मोठ्या घरात मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे पाच सवाष्णी जात्याला आंब्याची डहाळी बांधतात आणि गाणी म्हणत नवरीची हळद दळतात. आईचा आवाज गोड. वडील होते तोवर गावातल्या प्रत्येक हळदीला तिला हाताला धरून नेत. आता तिला बोलावलं होतं ते भांडी घासायला आणि भात शिजवायला.

पडवीत गाणं सुरू झालं आणि मध्येच अडलं. बायांना पुढची ओळ आठवेना. आई मागच्या दारातून हात पुसत आली, ओळ सांगितली, आणि सवयीने तिचा हात जात्याच्या खुंट्यावर गेला. चूक म्हणाल तर एवढीच.

नवरीच्या आईने, म्हणजे शेजारच्या काकूंनी, तिचं मनगट धरून हात उचलला. "ऊठ गो! तुला कळत नाय? माझ्या पोरीच्या हळदीला तुझा हात?" एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण काकूंनी जात्यातली सगळी हळद सुपात काढली आणि उकिरड्यावर टाकायला लावली. कुणाला? आईलाच! वर म्हणाल्या, "आणि भाताकडं बघ, करपल." म्हणजे तिने शिजवलेला भात अख्ख्या वऱ्हाडाला चालत होता. हळद तेवढी बाटली.

आईने हळद टाकली आणि भातही शिजवला. घरी येऊन ती रडली नाही, म्हणून माझा आणखी संताप झाला. मी काकूंना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आई म्हणाली, "ओरडू नको. गळा बसंल." बस्स, एवढंच.

पुढे काही वर्षांनी गावात बचत गट निघाला. आई धरून सातजणी. पाचजणींचे नवरे गेलेले, एक नवऱ्याने टाकलेली, एकीचा नवरा तेवढा जागेवर. मसाला करायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, हळद पण करू. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कल्याणच्या बाजारातून हळकुंडं आणायची, निवडायची, उन्हात वाळवायची, मुरबाडच्या डंकावर कुटून घ्यायची, मग पातळ फडक्यातून गाळायची. पुड्यांची तोंडं मेणबत्तीवर चिकटवायची. आईची नखं बारा महिने पिवळी. टोपली घेऊन ती एसटी स्टँडवर बसे. कंडक्टर हुसकायचे, पाऊस आला की माल भिजायचा. भातसानगरच्या वसाहतीत दारोदार फिरली तेव्हा कुठे गिऱ्हाईक बांधलं गेलं. ज्या बाया आधी मजुरीला जायच्या त्या आता पोरींची शाळेची फी स्वतः भरत होत्या. पण डोक्यावर छप्पर नाही, तर धंदा वाढणार कसा?

मुरबाडच्या बाजारात एका महिला मंडळाने दुकानाचे गाळे बांधले. त्यातला एक गाळा बचत गटाला मिळणार होता. आणि मंडळाच्या अध्यक्ष कोण? आमच्याच काकू! मी म्हटलं, संपलं. पण आमच्या गटाचा माल तालुक्यात नावाजलेला. मंडळाच्या बायांनी आमच्याच बाजूने हात वर केले. महिला दिनाच्या कार्यक्रमात गाळ्याचा कागद मिळणार असं कळलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. आईबरोबर गेले. मंडपाच्या दारात काकू स्वतः हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. सुनेने त्यांच्या कपाळाला आधीच ठसठशीत हळदीकुंकू लावलेलं. काकू एकेकीला लावत होत्या. आमच्या सातजणी आल्या, तेव्हा त्यांनी एकीलाच लावलं आणि बाकीच्यांवरून ताट असं काही फिरवलं, जणू तिथे माणसंच नाहीत. दारावर फलक काय, तर स्त्रीशक्तीचा सन्मान. माझ्या तोंडात शब्द आला होता, तेवढ्यात आईने दंडाला करकचून चिमटा काढला. "गप ऱ्हा. सातजणींचा गाळा हाय."

मी आईमागून आत जाऊन बसले.

काकूंचं भाषण झालं. बाईने बाईला हात दिला पाहिजे वगैरे. मग आईला बोलावलं, फोटो निघाले, कागद हातात आला. आईने तो आधी उलगडला. सही पाहिली, शिक्का पाहिला. घडी करून पिशवीत ठेवला, पिशवी माझ्याकडे दिली. आणि मग माइक धरला.

"बायांनो, मला भाषण येत नाय. एकच सांगते. दारातल्या ताटात हळद हाय ना, ती आमची. सकाळी मंडळाच्या बाईनं स्टँडवर माझ्याच टोपलीतून नेलेली. कुटून घेतली, गाळली, सगळी आमीच. सातातल्या पाच विधवा हाव. तुमी सगळ्यांनी लावलीय, तर आता राहू द्या." मग काकूंकडे वळून म्हणाली, "वैनी, मागं माझ्या हातची उकिरड्यावर टाकायला लावलीत. ही कुठं टाकू?"

काकूंचा पदर कपाळापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. हळद पुसावी तर कुंकूही पुसलं जाणार, आणि काका समोर पहिल्या खुर्चीवर बसलेले! मार्चचं ऊन, पत्र्याचा मंडप. घामाने हळद नाकावर ओघळत होती आणि काकू हात मांडीवर ठेवून बसून होत्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी. मला आनंद झाला का? झाला! पोटभर झाला. शेवटच्या माणसाचे आभार होईपर्यंत मी त्यांच्या कपाळावरची नजर काढली नाही.

पुढे काकूंनी गाळ्यावरून कुरकुर करून पाहिली, पण कागदावर सही त्यांचीच होती.

त्या संध्याकाळी जीपमध्ये दाटीने बसून परत येताना मी आईला विचारलं, "दारातच का नाही बोलू दिलंस मला?"

"दारात बोलली असतीस तर गाळा गेला असता," आई म्हणाली. "आणि ऐकलं असतं एकट्या वैनीनं."