वीतभर सरकायचं चाक

ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेर सरकवायची होती. डावं वीतभर, उजवं वीतभर, एवढंच काम. आमच्या घराचं वाटोळं कशानं झालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि लोक हसतात. हसू देत, त्यांचं काय जातंय?

माझं माहेर शहरातलं, शाहूपुरीतलं, वडील कचेरीत कारकून. रस्त्यावरून धूर ओकत जाणारी वस्तू यापलीकडं ट्रॅक्टरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लग्न झालं आणि कळंब्याच्या पुढच्या एका गावात येऊन पडले. घरात माणसं तीन. मी, नवरा आणि सासरे. नवऱ्याला 'नवरा' म्हणायला तेव्हा लाज वाटायची, 'आमचे हे' म्हणायचं. आता त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली, आता कसली आलीय लाज.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. थंडीच्या दिवसांत ते दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर गुळव्या म्हणून जात. काहिलीपुढं उभं राहून पाक कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. चुलवाणातल्या आगीचा रंग बघून ते सांगायचे, आता चिपाड टाकू नका. लोक त्यांना न्यायला गाडी पाठवायचे.

एका वर्षी आबा असे दोन महिने गुऱ्हाळावर असताना नवऱ्यानं बैलजोडी विकली आणि एक जुनापुराणा ट्रॅक्टर दारात आणून उभा केला. आबांना न विचारता! मी म्हटलं होतं, एक शब्द तरी विचारा. तर म्हणाला, "इचारलं तर न्हाय म्हणतील की." संपलं. आबा परत आले, गोठ्यात गेले, रिकामी दावी बघितली, मग हातपाय धुऊन जेवायला बसले. त्या दिवसापासून ते मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुरू झालं माझं टपालखातं. नवरा समोर दोन हातांवर बसलेला असायचा आणि आबा मला सांगायचे, त्याला सांग, उद्या पाण्याची पाळी आहे. मी मान फिरवून तेच नवऱ्याला सांगायची. त्याला काय ऐकू येत नव्हतं? माझा संताप संताप व्हायचा, दोघांवरही. पण नवऱ्याकडं बघवायचं नाही. "काय आबा, ऊस बरा फुटलाय न्हवं?" असं काहीतरी तो रोज विचारायचा, घास हातात धरून थांबायचा, आणि मग तो घास गपचूप खायचा. आबांनी आपल्याशी बोलावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. या ट्रॅक्टरनं उसाची भरणी करून दाखवली की आबा बोलतील, असं त्यानं धरलं होतं. पाच महिने तो त्या आशेवर जगला.

भरणी म्हणजे ऊस गुडघ्याच्या वर आला की त्याच्या बुडाला दोन्हीकडून माती चढवायची. ती मृगाच्या आत झाली पाहिजे, नाहीतर पाऊसवाऱ्यात ऊस लोळतो. बैल सरीतून नीट जातात. आमचा ट्रॅक्टर आधीच्या मालकानं नुसता ट्रॉली ओढायला वापरलेला, त्याची चाकं आत आत बसवलेली. रानात घातला तर एक चाक सरीत आणि दुसरं नेमकं उसावर. पहिल्याच दिवशी आठ-दहा हात ऊस चिरडला आणि नवऱ्यानं ब्रेक दाबला. आबा बांधावर उभे होते. त्यांनी बघितलं आणि पाठ फिरवून निघून गेले.

तेव्हा ही चाकं सरकवायचं निघालं. पुढची चाकं तासाभरात सरकली. मागच्या चाकांचं गाडं अडलं. आतून एक जाड लोखंडी दांडा येतो, त्याला आस म्हणतात. त्या आसावर चाकाचा हब बसतो. बोल्ट सैल केले की हब आसावरून आतबाहेर सरकायला पाहिजे. आमचे हब कित्येक वर्षांत कुणी हलवले नव्हते. गंज खाऊन हब आणि आस एकजीव झालेले.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं ट्रॅक्टर जॅकवर चढवून ओंडक्यांवर टेकवला, चाकं उतरवली आणि हबावर रॉकेल ओतलं. स्टोव्हचं रॉकेल, रेशनवर रांगेत उभं राहून मीच आणलेलं. दिवसभर घण मारले, हब ढिम्म हलला नाही. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतनं एक फिटर आणला. त्यानं हबाला मुळात असलेल्या फटीत पाचरी मारल्या, डिझेल सोडलं, जॅक आडवा लावून रेटलं. दुपारी घाम पुसत तो अंगणात चहाला बसला. आबा तेव्हा रानात होते. फिटर नवऱ्याला म्हणाला, "पावणं, ह्यो हब बिडाचा हाय, वतीव लोखंडाचा. बेतानं तापवा, मारा, पुन्हा तापवा. दोन दिस लागतील, चार लागतील. पर तापल्यावर पाणी मारू नगा. बीड तडकतंय." मी कपबश्या उचलत होते. मीही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं एकट्यानं चिपाडं पेटवून हब तापवून बघितला. आगीचं त्याला काही जमेना, धूरच फार झाला. हाताच्या तळव्यांची सालं निघाली होती. मृगाला आठ दिवस राहिले होते. गावातली सगळी बैलं आपापल्या मालकाच्या रानात जुंपलेली, आणि असती मोकळी तरी बैल विकलेल्यानं बैल मागायला कुठल्या तोंडानं जायचं? जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही. मला वाटलं, सोडा तो ट्रॅक्टर, ओढ्यात ढकलून द्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तसाच धुरात बसलेला असताना आबा गोठ्याच्या कडेनं आले. चिपाडं पायानं उलटून बघितली. मग म्हणाले, "आल्याड सर." मी इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं, मलाच काहीतरी सांगतायत. ते मुलाशी बोलत होते.

नवरा असा काही उठला की त्याचा पाय घणाला अडखळला. आबांनी कामाचा ताबाच घेतला. ओली पोती मागवली आणि आसाच्या आतल्या बाजूला गच्च गुंडाळली, म्हणजे आग तिकडं जाऊ नये. चिपाडं निवडून रचली. "ही नगं, ती वाळकी दे." "वारं आडव." "आता थांब." पाच महिन्यांचं बोलणं एका सकाळी चाललं होतं. नवरा पळत होता, आणत होता, "व्हय आबा, व्हय आबा" म्हणत होता. मला रडूच यायला लागलं, तर मी धुराचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावला.

हब तापून लालसर झाला. आबा म्हणाले, "हाण." नवऱ्यानं घण घातला, आणि हब सरकला. बोटभरच सरकला, पण डोळ्यांदेखत सरकला! मग पुन्हा अडला. आबांनी वाकून बघितलं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती लालबुंद तापवतात आणि चढवली की वरून पाणी मारतात. तापल्या लोखंडावर पाणी पडलं की त्याच्यावरचे गंजाचे पापुद्रे उडतात, हे आबांनी जन्मभर बघितलेलं. इथंही गंज तेवढा उडाला की काम झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांचं काय चुकलं? हब बिडाचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाणी मार," ते म्हणाले.

पोती भिजवायला आणलेली घागर माझ्याच हातात होती. मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं मान हलवली, अगदी थोडी, बोलू नको म्हणून. माझ्या हातातनं घागर घेतली आणि हबावर उपडी केली.

टण्णकन आवाज झाला. वाफ गेल्यावर बघितलं तर हब फटीपासून पार दुसऱ्या टोकापर्यंत चिरला होता.

आबा खाली बसले. चिरेवरून काडी फिरवून बघितली. "बीड हाय व्हय ह्यो? तुला म्हाईत न्हवतं?"

"न्हाय, आबा."

"मला बी कळलं न्हाय बघ." मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची राख झटकली. "आसू दे. उद्या सकाळच्या गाडीनं दोघं शाहूपुरीत जाऊ. दुसरा बघू."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. देवानं मला एवढीच अक्कल द्यायला हवी होती. पण तिकडं ऊस उभा, इकडं हब फुटलेला, चार दिवसांची मेहनत मातीत, आणि वर माझ्या नवऱ्याला साधं बीड ओळखता येत नाही असं ठरतंय. माझं डोकं फिरलं. "सगळं माहीत होतं त्यांना," मी म्हणाले. "पाणी मारू नका म्हणून फिटरनं माझ्यासमोर सांगितलंय. तुम्ही पाच महिन्यांनी बोललात, म्हणून मारलं त्यांनी."

आबांनी मुलाकडं बघितलं. "खरं हाय?"

नवरा रिकामी घागर धरून खाली बसला.

"म्हंजी म्या खुळा ठरलो," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि रानाकडं चालू लागले.

आता हा माझ्या अंगावर धावून येणार, असं मला वाटलं. आला असता तर मी गपगुमान ऐकून घेतलं असतं. तो ओल्या राखेत तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "हब मिळाला असता गं कुठंतरी. आबा उद्या माझ्यासंगं येनार हुते."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच शाहूपुरीत गेला. सगळ्या दुकानांतून फिरला, त्या मापाचा हब कुणाकडंच नव्हता. भरणी झाली नाही. पावसात ऊस लोळला, त्यावर उंदीर पडले. ट्रॅक्टर ओंडक्यांवर तसाच राहिला आणि पुढं कधीतरी भंगारात गेला. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. मी जे केलं ते मात्र मला अजून खातं. खरं तेच बोलले मी, आणि त्या बोलण्यानं दोघांनाही मारलं.

आबा त्यानंतर चार वर्षं होते, पण मुलाशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या आजारपणात नवरा त्यांना उचलून न्हाणीत न्यायचा, आंघोळ घालायचा, अंग पुसून पुन्हा अंथरुणावर आणून ठेवायचा. त्यानं हात लावला की आबा डोळे मिटून घ्यायचे, ते तो बाहेर जाईपर्यंत उघडायचे नाहीत. मी दारात कोरडं धोतर घेऊन उभी असायची.