धनत्रयोदशीचा सर्चलाइट

दांडिया बाजारात जुन्या गाड्यांच्या दिव्यांचं दुकान चालवणं म्हणजे हौसेनं उपाशी राहणं. माझा शाळासोबती विश्वंभर जन्मभर तेच करत आला. त्यातही हातात धरायचे सर्चलाइट हा त्याचा खास प्रांत. पिस्तुलासारखी मूठ, वेटोळ्यांची वायर, टोकाला सिगारेट-लायटरच्या भोकात खुपसायचा प्लग. प्लगच्या टोकाची स्प्रिंग जराशी ओढायची, आतला गंज घासायचा, कापसात जपलेला जुना बल्ब बसवायचा, की मेलेला दिवा उठलाच.

"काका, आ चालशे?" गुजराती गिऱ्हाईक विचारतं.

"चालशे शुं, दोडशे!" चालेल काय, धावेल!

असा हा बोलका माणूस पेटलेल्या दिव्याचा प्लग मात्र स्वतः काढत नाही. गिऱ्हाइकाला काढायला लावतो, नाहीतर समोरच्या माझ्या दुकानातून मला बोलावून घेतो. पूर्वी मी त्याची थट्टा करायचो. कारण कळल्यावर ती सोडली.

वीसेक वर्षांपूर्वी विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा काठच्या वस्तीतला एक म्हातारा पाण्यात अडकला. विश्वंभरचा धाकटा भाऊ वसंत कमरेला काही न बांधता उतरला. भारी धाडसी, आणि तितकाच अडाणी. विश्वंभर काठावरच्या जीपमधून सर्चलाइट धरून होता. वसंतनं म्हाताऱ्याला झाडाला बांधलं आणि तो परत फिरला, तोच उजेड पिवळा पडू लागला. बॅटरी उतरत होती. अशा वेळी कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन जे करील तेच यानं केलं. दिव्याचा भार काढला, म्हणजे प्लग उपटला, आणि स्टार्टर मारला. इंजिन लागेपर्यंतच्या त्या अंधारात पाण्यातून हाक आली, "दादा, उजेड!" यानं प्लग परत खुपसला. दिवा पांढराफेक पेटला. समोर नुसतं पाणी होतं.

म्हातारा वाचला. वसंतचं प्रेतही मिळालं नाही.

तेव्हापासून पेटलेल्या दिव्याचा प्लग निघाला की विश्वंभरला ती हाक ऐकू येते. दुसऱ्या कुणी काढला तर हळू येते, एवढाच फरक. मी कधी ऐकली नाही. पण ती ऐकताना त्याचा चेहरा पाहिलाय, आणि मला खरोखर भीती वाटते.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे यमदीप लावतो, जित्या माणसांना अपमृत्यू येऊ नये म्हणून. विश्वंभर कणकेच्या दिव्याऐवजी काठावर जीप नेऊन तोच सर्चलाइट दक्षिणेकडे, प्रवाहावर धरायचा. वसंतच्या नावानं. पाण्यात मगरींचे डोळे लाल चमकायचे. हा प्रत्येक जोडी निरखून पाहायचा आणि म्हणायचा, "त्याचे नाहीत." बॅटरी संपून दिवा आपोआप मरेपर्यंत हलायचा नाही. वसंतची बायको स्नेहलता दरवर्षी विनवायची, "भाऊजी, विझवा आता, घरी चला." पण हा कुणाचं ऐकतोय?

यंदा ती तरसालीहून दुकानातच आली. मुलगी अवंतीचं लग्न ठरलंय.

"भाऊजी, पत्रिकेत यांच्या नावामागं काय घालू? श्री. की कै.?"

विश्वंभर एक प्लग घासत होता, तो घासतच राहिला.

"श्राद्ध नाही, पान नाही. किती वर्षं त्यांना मधेच लटकवून ठेवायचं? यंदा धनत्रयोदशीला नको. अमावास्येला दाखवा दिवा."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दक्षिणेला दाखवतात तो उजेड पितरांसाठी असतो. परतीची वाट दिसावी म्हणून. म्हणजे काय मागतेय ते तिला पुरतं ठाऊक होतं. विश्वंभर तिच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तो हमसाहमशी रडला.

यंदाची धनत्रयोदशी कोरडी गेली. अमावास्येला दिवेलागणीला आम्ही तिघं काठावर गेलो. गावात फटाके फुटत होते. इंजिन चालू ठेवून विश्वंभरनं प्लग खुपसला, दिवा उचलला. लाल डोळे चमकले. या वेळी त्यानं ते निरखले नाहीत.

"वसंता," तो म्हणाला, "ही वाट. जा बाबा आता."

 मग त्यानं स्वतःच प्लगला हात घातला. 

"काढू?" त्यानं स्नेहलताला विचारलं.

तिनं झटकन त्याचा हात धरला.

"थांबा, भाऊजी. एकदा अंधारात गेले ते. आज पोचू द्या."